मधली खोली, खालचा मजला

"ती खोली घेऊ नकोस रे," अक्का बोलून गेली, आणि शब्द सुटले तशी तिला आपली जीभ चावावीशी वाटली.

जेवणाच्या टेबलावर जहाजाचा नकाशा पसरलेला होता… एवढा मोठा की त्याची दोन टोकं टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, आणि पंख्यानं तो उडू नये म्हणून धाकट्यानं एका बाजूला मिठाची बाटली आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा चष्मा ठेवला होता. बारा मजले, शेकडो खोल्या, प्रत्येक खोली म्हणजे नखाएवढा चौकोन. त्यातल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला, जहाजाच्या नाकावरच म्हणा ना, धाकट्यानं लाल पेन्सिलीनं दोन गोल काढले होते. एक त्याच्या कुटुंबासाठी आणि दुसरा… दुसरा अक्कासाठी. लग्नानंतर ज्या भावानं बहिणीच्या वाट्याला वर्षाकाठी दोन फोन आणि एक ओझरती भेट यापलीकडे काही येऊ दिलं नव्हतं, तो आज बायको-मुलीला घेऊन तिच्या बंदरावरच्या दोन खोल्यांच्या घरात दोन दिवस मुक्कामाला आला होता आणि म्हणत होता, "यंदा सगळ्यांनी क्रूझला जायचं. तूसुद्धा." साठीच्या अक्काच्या काळजाला त्या एका 'तूसुद्धा'नं भरती आली होती. आणि त्यावर तिनं पहिला शब्द काय उच्चारावा, तर घेऊ नकोस.

भावजयीचा चेहरा प्रवासानं आधीच उतरला होता, तो आता लाल झाला.

"का बरं?" ती म्हणाली. "सगळ्यात चांगल्या खोल्या आहेत त्या. सहा महिने आधी चौकशी केली तेव्हा कुठे मिळताहेत."

"वरची आणि पुढची खोली फार हलते गं. समुद्र खवळला की तिथल्या माणसांचे हाल कुत्रा खात नाही. खालच्या मजल्यावरची घ्या, अगदी मधली."

"अक्का, राग मानू नका, पण तुम्ही कधी जहाजावर पाऊल तरी ठेवलंय का? कंपनीच्या ऑफिसात बसून कागद फिरवले म्हणून समुद्र कळत नाही. यांनी एवढ्या हौसेनं ठरवलं, आणि तुमचं सुरुवातीलाच नको."

"आत्या, पण तुला कसं माहीत?" टिकलीनं विचारलं. ही धाकट्याची दहा वर्षांची लेक. कपाळावर टिकलीएवढा तीळ होता म्हणून टिकली, आणि प्रश्न मात्र पोलिसासारखे.

अक्कानं भावाकडे पाहिलं. हा दातांचा डॉक्टर, दिवसभर जगाला तोंड उघडायला लावणारा माणूस, स्वतःचं तोंड मात्र घट्ट मिटून बसला होता… आणि अक्काच्या हातांकडे बघत होता. तिनं चटकन हात टेबलाखाली ओढून घेतले.

"असंच," ती म्हणाली, "ऐकलं होतं कुणाकडून तरी."

त्या हातांची कथा घरात फक्त अक्कालाच ठाऊक होती, निदान ती तसं समजत होती.

आईवडील वर्षभराच्या अंतरानं गेले तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा सात. शेजारच्या बाईनं तिला जहाज कंपनीच्या लाँड्रीत लावून दिलं. बंदरावर कंपनीचं पांढरंशुभ्र ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसाच्या पाठीमागे, जिथे कुणाची नजर जाऊ नये अशा बोळात, वाफेनं भरलेली ती लाँड्री. दर शुक्रवारी जहाज धक्क्याला लागायचं आणि त्याच्या शेकडो पलंगांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलांवरची कापडं गाड्या भरभरून त्या बोळात यायची. रबरी बूट, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत सोडा आणि ब्लीच… असं तिनं एक ना दोन, एकोणचाळीस वर्षं काढली. पहिल्याच वर्षी धाकट्याला चांगल्या शाळेत घालायला गेली तेव्हा फॉर्मवर एक रकाना होता, पालकाचा व्यवसाय. रांगेत तिच्यापुढच्या माणसानं 'हमाल' लिहिलं आणि मुख्याध्यापकांची भुवई वर गेलेली तिनं पाहिली. तिच्या पेनानं क्षणभर श्वास रोखला, आणि लिहिलं, 'जहाज कंपनीत कारकून'.

एक खोटं पाळायचं म्हणजे घरात हत्ती पाळण्यासारखं असतं, रोज त्याला खायला घालावं लागतं. अक्का रोज सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून, खांद्याला पर्स लावून कारकुनासारखी घरातून निघायची आणि लाँड्रीच्या मोरीत कपडे बदलायची. हातांना भेगा पडल्या तेव्हा म्हणाली, जुन्या फायलींची धूळ सोसत नाही. जहाजावरच्या एका सुतारानं तिला मागणी घातली होती. भला माणूस होता, दोन वर्षं थांबला. पण धाकट्याचं शिक्षण व्हायचं होतं, आणि जहाजावरचा माणूस किती थांबणार… तो गेला, आणि अक्कानं पुन्हा त्या वाटेकडे पाहिलं नाही.

मग धाकटा डॉक्टर झाला, दूरच्या शहरात गेला आणि हळूहळू अबोल होत गेला. ज्या पोराला तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं, तो तिच्यासमोर नजर खाली घालून बसू लागला. अक्कानं स्वतःची समजूत घातली, मोठी माणसं अशीच असतात. पण समजूत ही फाटक्या पांघरुणासारखी, इकडे ओढलं की तिकडे उघडं पडतं. आपलं काय चुकलं, या एका प्रश्नानं तिचं अंतःकरण वर्षानुवर्षं पोखरलं होतं.

आणि आता कुठे बोलावणं आलं होतं. खोलीबद्दल कसं कळलं हे सांगावं तर एकोणचाळीस वर्षांचं सोंग उघडं पडतं, ज्या भावाच्या मानासाठी ते केलं त्याचीच बायको-मुलीसमोर मान खाली जाते. न सांगावं तर… तर काय होईल ते अक्काला त्या टेबलाशी बसूनच दिसत होतं.

कारण अक्का जहाज ओळखत होती. आतून कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखत होती. लाँड्रीतल्या बायका कपडे नुसते धूत नसत, त्या पिशवी वाचत. प्रत्येक मजल्याच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागाच्या कॅनव्हासच्या पिशव्या वेगळ्या यायच्या, वर चिठ्ठी बांधलेली. पिशवीचं तोंड सोडलं की पहिल्या दहा चादरींत बायका सांगायच्या, इथे लहान मूल होतं, इथे नवं जोडपं होतं, इथे नवरा-बायकोचं बिनसलं आणि एक चादर चौथ्या दिवसापासून सोफ्यावर गेली. वादळी आठवड्यानंतर वरच्या मजल्याच्या पुढच्या पिशव्या उघडायला कुणी धजत नसे, नाकाला फडकं बांधून चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आज कुणाची पाळी. आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्याच्या मधल्या भागातली पिशवी यायची ती जणू माणसं देवासारखी निजून उठली. एवढं अजस्र जहाज, आणि त्याचं पोट कुठे ढवळतं आणि कुठे शांत राहतं, हे कप्तानाच्या खालोखाल कुणाला ठाऊक असेल तर त्या बोळातल्या बायकांना. अक्काला स्वतःलाच कधी कधी या गोष्टीचा विस्मय वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा टिकलीला घेऊन समुद्र दाखवायला गेला. भावजय स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होती. अक्का मोरीत गेली तर दोरीवर भावजयीचा रुमाल. रात्रीच कधीतरी धुऊन वाळत घातलेला, घाईघाईनं, कोपरा न पिळता. अक्कानं तो नुसता हातात घेतला, आणि सवयीनं वाचला; धुऊनही त्यात ओकारीचा आंबट वास उरला होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"गाडीत फार त्रास झाला ना गं तुला, येताना?"

भावजयीच्या हातातला कप थांबला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

भावजयीनं नळ बंद केला. मग भावजय पाठमोरीच म्हणाली, "लहानपणापासून आहे हो. गाडीनं दोन वळणं घेतली की पोटात कालवतं. यांना माहीत आहे, पण किती ते माहीत नाही. आणि हे या सहलीबद्दल इतके… मी यांना इतकं खूश कधी पाहिलंच नाही अक्का. महिनाभर रोज तो नकाशा काढून बसतात. त्यावर मी कसं म्हणू मला जमणार नाही? गोळ्या घेईन आणि पडून राहीन, म्हटलं, पण मोडता घालणार नाही. आणि काल तुम्ही घातलात, म्हणून माझा तोल गेला. मला माफ करा."

त्या क्षणी अक्काच्या मनातला झगडा संपला. समोरची बाई आपल्याच जातकुळीची आहे, दुसऱ्याच्या आनंदाखाली आपलं दुखणं घडी घालून ठेवणारी… हे तिला त्या पाठमोऱ्या खांद्यांवरून कळलं. तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, ओट्यावर ठेवले.

"हे बघ. फायलींच्या धुळीनं असे हात होत नाहीत. मी कारकून नव्हते गं. मी लाँड्रीत होते. आमचे साहेब लोक पुढच्या ऑफिसात, आणि मी मागच्या बोळात. तुम्ही ज्या जहाजावर निघालात ना, त्याच्या चादरी मी सोळा वर्षं धुतल्या. त्याआधी दुसऱ्या जहाजांच्या. वरच्या खोलीत तू चार दिवस मरशील, हे मी तुला पुस्तकातून नाही सांगत."

भावजय वळली. तिनं त्या हातांकडे पाहिलं… भेगांचे जुने पांढरे व्रण, बोटांची मागे वळलेली पेरं… आणि तिच्या डोळ्यांत जे उमटलं ती दया नव्हती. देवळात वर पाहताना माणसाचा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता.

"एकट्या?" ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं? आणि यांना…"

"त्याला कळू देऊ नकोस. तेवढं एक कर. खोली तू बदल, तुझ्या नावावर. पण माझं नाव यात नको. तुला माझी शपथ आहे."

भावजयीनं ओले हात पुसले आणि अक्काचे हात हातात घेतले. "बसा," ती म्हणाली. "आणि सगळं सांगा. मी लिहून घेते."

मग काय विचारता. वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे दोघींनी जी सहल आखली तशी कुठल्या दलालानंही आखली नसती. खोली खालच्या मजल्यावर, मधली, हे तर झालंच, पण तिच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे तेही बघायचं. नाचाच्या दालनाखालच्या खोल्यांच्या चादरींतून दर शुक्रवारी कानात घालायचे कापसाचे बोळे निघत. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच हव्यात. चौघं एका खोलीत कोंबायची नाहीत, मधे दार असलेल्या दोन जोडखोल्या मिळतात, त्या घ्यायच्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी भांड्याला भांडं लागतं. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत खोलीत येत नाहीत, तेव्हा औषधं, पोहण्याचे कपडे आणि एक बदलायचा जोड हातातल्या पिशवीत. "पहिल्या रात्रीच्या चादरीवर कायम रस्त्याची धूळ असायची गं, बिचारे बाहेरच्या कपड्यांनीच आडवे व्हायचे." पासपोर्ट सहलीहून परतल्यावरही सहा महिने चालणारा हवा. आणि तो उशीखाली ठेवायचा नाही, काहीच उशीखाली ठेवायचं नाही. अक्कानं आपल्या हयातीत चादरींतून सतरा पासपोर्ट, अगणित चष्मे आणि दातांच्या तीन कवळ्या काढल्या होत्या.

"कवळ्या?" भावजय हसून हसून वाकली. "यांना सांगायला हवं… अगं बाई, सांगायचं नाहीच नाही का."

एका गोष्टीवर मात्र अक्का हसली नाही. "वाटेतल्या बंदरावर उतराल तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, आणि सुटायच्या तासभर आधी परत या. जहाज कुणासाठी थांबत नाही. एकदा एका पिशवीत दोन पलंगांच्या चादरी घडी न मोडता आल्या. शेवटचे तीन दिवस त्या पलंगांवर कुणी निजलंच नव्हतं. आम्ही बायका त्या चादरी हातात घेऊन किती वेळ गप्प उभ्या होतो."

खोल्या बदलल्या. आपल्याला खाली राहायची इच्छा आहे असं भावजयीनं सांगितलं तेव्हा धाकटा हिरमुसला, दोन दिवस नकाशाकडे बघितलं नाही, पण बायकोपुढे त्याचं काही चाललं नाही.

आणि मग सहा महिन्यांनी जहाज सुटायचा तो शुक्रवार उगवला. घाई नको म्हणून सगळे आदल्या दिवशीच अक्काकडे मुक्कामाला आले होते. सकाळी धक्क्यावर चालत गेले, आणि अक्काचे पाय जमिनीला खिळले.

एकोणचाळीस वर्षं तिनं जहाज पाहिलं होतं ते बोळाच्या तोंडातून, दोन भिंतींच्या मधे मावेल तेवढं. आज ते संपूर्ण समोर उभं होतं… पांढरं, उंच, खिडक्यांच्या रांगांवर रांगा, वर बघता बघता मान मागे गेली तरी संपेना. माणसं त्याच्या पायाशी मुंग्यांसारखी सरकत होती. त्या प्रत्येक खिडकीमागे एक पलंग, त्या प्रत्येक पलंगावर एक चादर, आणि ती प्रत्येक चादर कधी ना कधी या दोन हातांखालून गेलेली. तिच्या मनात आलं, हे एवढं सगळं मी धुतलं? आणि या विचारानं अभिमान नाही वाटला तिला, भीतीच वाटली, पवित्र अशी भीती. आयुष्य केवढं होऊन गेलं ते माणसाला असं एका जागी रचून क्वचितच बघायला मिळतं.

"आत्या, चल ना," टिकलीनं हात ओढला.

आत गालिचे, झुंबरं, काचेच्या लिफ्ट. अक्का मात्र भिंतींवरचे बाण न बघता चालत होती. डावीकडे वळलं की मधला भाग, तिथून दोन जिने खाली… तिला पिशव्यांच्या चिठ्ठ्या पाठ होत्या. खोलीचं दार उघडलं, आणि पलंगावर निळ्या काठाचा तो जाड पलंगपोस. गुडघे गेल्यावर शेवटची काही वर्षं तिला लाँड्रीत रफूच्या टेबलावर बसवलं होतं. तिनं काठावरून बोट फिरवलं, आणि पायथ्याच्या कोपऱ्याशी बोट थांबलं. माशाच्या काट्यासारखा तिरपा, दोन बाजूंनी एकमेकांत गुंतत गेलेला टाका. असा टाका तिच्या आईशिवाय आणि तिच्याशिवाय कुणी घालत नसे.

दारातून धाकटा आत येत होता. अक्कानं पटकन त्या जागेवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "छान आहे हो खोली."

बॅगा अर्थातच संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. इतर पोरं जहाजावरच्या तलावाच्या काठाशी बाहेरच्या कपड्यांत रडकुंडीला आली होती आणि टिकली पिशवीतून पोहण्याचे कपडे काढून माशासारखी पाण्यात. जहाज सुटलं. अक्का कठड्याशी उभी राहिली, आणि किनारा बारीक बारीक होत पुसला गेला. चहूकडे पाणी, नुसतं पाणी, त्याला ना काठ ना कोपरा. एवढं मोठं, आणि त्याला घडी घालायची कुणाची टाप नाही… असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि आपल्याच विचाराचं तिला हसू आलं. मग ते हसू विरलं, आणि ती कितीतरी वेळ त्या विशाल निळाईसमोर हात जोडल्यासारखी उभी राहिली.

दुसऱ्या रात्रीपासून समुद्र खवळला. सकाळी न्याहारीच्या दालनात निम्मी टेबलं रिकामी होती. भावजय मात्र खालच्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत गाढ झोपून उठली होती, आणि लोणी लावलेला तिसरा पाव खात होती. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त न्यायाधीश एकटेच बसले होते, चेहरा पिवळा पडलेला.

"आमची खोली वर आहे, पुढे," ते म्हणाले. "सौभाग्यवती कालपासून उठलेल्या नाहीत. तुम्ही सगळे इतके टवटवीत कसे?"

"आम्ही खाली आहोत, मधल्या भागात," भावजय म्हणाली.

"वा. हे तुम्हाला सांगितलं कुणी? घरात कुणी कप्तान आहे की काय?"

अक्कानं हात टेबलाखाली ओढून घेतले. आणि तेव्हा धाकट्यानं हातातला कप खाली ठेवला. तो उभा राहिला, शाळेत उत्तर द्यायला मूल उभं राहतं तसा.

"ही माझी बहीण," तो म्हणाला. त्याचा आवाज दालनात सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "हिनं एकोणचाळीस वर्षं कंपनीच्या लाँड्रीत काम केलं. या जहाजाच्या चादरी हिनं धुतल्या आहेत, ते समोर तुमच्या टेबलावर आहे तसलं कापडसुद्धा. मला हिनं वाढवलं, हिनं शिकवलं. ही माझी बहीण आहे."

अक्कानं भावजयीकडे पाहिलं. भावजय पांढरीफटक पडून मान हलवत होती, मी नाही सांगितलं, शपथ, मी नाही. टिकलीनं चमचा खाली ठेवला आणि आत्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. "आत्या… सगळ्या? या जहाजावरच्या सगळ्या?" न्यायाधीश महाराजांनी हळूच आपल्या टेबलावरच्या पांढऱ्या कापडावरून हात फिरवला, जणू ते आता प्रथमच त्यांना दिसत होतं, आणि उठून अक्कापुढे किंचित वाकले.

अक्का उठली आणि धडपडत बाहेर कठड्याशी गेली. धाकटा मागोमाग आला. वारा एवढा होता की दोघांना जवळ उभं राहावं लागलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"नववीत होतो. शिष्यवृत्तीचा निकाल लागला, तुला सांगायला धावत ऑफिसात आलो. वर्गातला एक मित्र होता बरोबर. पहारेकरी म्हणाला, या नावाची कारकून इथे कुणी नाही, एक बाई आहे, मागे लाँड्रीत. आम्ही बोळात गेलो. दार उघडं होतं. तू आणि आणखी एक बाई ओली चादर पिळत होतात. डोक्याला फडकं, पायात ते बूट… आणि तू हसत होतीस अक्का, कशावर तरी मोठ्यानं हसत होतीस. मित्रानं विचारलं, ही तुझी बहीण?" त्यानं कठडा घट्ट धरला. "मी म्हणालो, नाही."

अक्काच्या डोळ्यांपुढे तो दिवस लख्ख उभा राहिला. "त्या दिवशी तू जेवला नव्हतास," ती म्हणाली. "निकाल सांगितलास आणि पानावरून उठलास. मला वाटलं, आनंदानं पोट भरलं पोराचं."

"त्यानंतर तुझ्याकडे बघायची छाती झाली नाही. आधी वाटलं, तू सांगशील, मग मी माफी मागेन. तू सांगितलं नाहीस. मग वर्षं गेली. तुझ्या हातांकडे बघितलं की ते 'नाही' ऐकू यायचं. म्हणून हेच जहाज घेतलं. वाटलं, तुला सगळ्यात वरच्या मजल्यावर न्यायचं, सगळ्यांच्या पुढे, आणि तिथे सांगायचं. तर तू म्हणालीस, ती खोली घेऊ नकोस."

अक्काला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून धारा लागल्या.

"म्हणजे मी इतकी वर्षं ते कडक इस्त्रीचे कपडे उगाचच मिरवले म्हण की. तुलाही ठाऊक, तुझ्या बायकोलाही ठाऊक, आणि तिघंही एकमेकांपासून लपवतोय."

"हिला पण ठाऊक?"

"तिचाच तर बेत हा सगळा." मग ती गंभीर झाली. तिनं पदोपदी जपलेल्या त्या पोराचा, आता कानशिलं पांढरी झालेल्या त्या माणसाचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. "अरे वेड्या, चौदा वर्षांच्या पोरानं नाही म्हटलं, त्याचं काय घेऊन बसलास? एकोणिसाव्या वर्षी शाळेच्या फॉर्मवर पहिलं 'नाही' मी लिहिलं. मीच लाजले आधी, मग तू शिकलास. माझी चूक होती ती, बाळा, तुझी नव्हे."

"परवा पलंगपोसावर हात ठेवलास तू," धाकटा तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाला, अठ्ठेचाळीस वर्षांचं डोकं. "पण मी आधीच बघितला होता तो टाका. माझ्या शाळेच्या सदऱ्याच्या कोपराला तोच होता. अजून ठेवलाय मी तो सदरा."

शेवटच्या सकाळी जहाज बंदराला लागलं. बॅगा बाहेर गेल्या, भावजय टिकलीला घेऊन पुढे झाली. खोली आवरायला माणसं येणारच होती, तरी अक्कानं पलंगावरची चादर ओढून काढली. पाहुणे चादरी चुरगळून टाकून जातात, आणि मग बोळातल्या बायकांना त्या सोडवत बसावं लागतं.

"मी धरू?" धाकट्यानं विचारलं.

सात वर्षांचा असताना तो घरातल्या चादरीची दोन टोकं अशीच धरायचा, हात डोक्यावर ताणून, तरी मधली चादर जमिनीला लागायची. आता त्यानं दोन कोपरे धरले, अक्कानं दोन. झटकली, ताणली, मधोमध दुमडली, आणि मग दोघं खोलीच्या दोन टोकांकडून एकमेकांकडे चालत आले.

"आज दुपारी त्या बायका ही पिशवी उघडतील," अक्का म्हणाली. "वाचतील बरोबर."

"काय वाचतील?"

"की इथे आपल्यातलीच कुणीतरी निजून गेली."

कोपऱ्याला कोपरा लागला. धाकट्यानं आपली टोकं तिच्या हातात दिली, पण हात सोडले नाहीत. खिडकीतून उन्हाची तिरीप पलंगावर आली होती, आणि त्या उजेडात तो तिच्या भेगाळलेल्या बोटांकडे बघत राहिला. या वेळी अक्कानं हात मागे घेतले नाहीत.